जीवनाधार उपचार थांबवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांमध्ये, सभा संपल्यावर जिन्यात गाठून, आणि बऱ्याचदा आयसीयूबाहेरच्या बाकावरून फोन करून लोकांनी विचारलेले आहेत. त्यांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. कायद्याची माहिती भारतापुरती आहे, आणि प्रत्यक्ष रुग्णाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच करायचा आहे. रुग्ण आत्ता आयसीयूत असेल तर सरळ प्रश्न ९ वर जावे; बाकीचे नंतर वाचता येईल.

१. “लाइफ सपोर्ट” म्हणजे नेमके काय काय?

शरीराचे एखादे अत्यावश्यक काम बंद पडले असता ते बाहेरून चालू ठेवणारे उपचार म्हणजे जीवनाधार. श्वासासाठी व्हेंटिलेटर, मूत्रपिंडांसाठी डायालिसिस, रक्तदाब टिकवण्यासाठी सिरिंज पंपातून सतत जाणारी औषधे ही त्याची नेहमीची उदाहरणे. नाकातून जठरात घातलेली राइल्स ट्यूब किंवा पोटाला छिद्र पाडून बसवलेली नळी यात धरायची का, हा वेगळा आणि अधिक अवघड प्रश्न आहे (प्रश्न १३ पाहा). जीवनाधार स्वतः रोग बरा करत नाही, तो वेळ मिळवून देतो. न्यूमोनियाचा रुग्ण पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहिला, तर त्या पाच दिवसांत औषधांना काम करायला अवधी मिळतो. मिळवलेल्या वेळात करण्यासारखे काहीच उरलेले नसते, तेव्हा या पानावरचे प्रश्न उभे राहतात.

२. भारतात इच्छामरण कायदेशीर झाले आहे ना?

नाही. निदान “इच्छामरण” या शब्दाने बहुतेकांना जे अभिप्रेत असते ते झालेले नाही. इंजेक्शन देऊन किंवा औषध पाजून एखाद्याचा मृत्यू घडवून आणणे, मग त्याने ते कितीही कळकळीने मागितलेले असो, आजही गुन्हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर जे मान्य केले ते इतकेच, की सुधारण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीवनाधार उपचार ठरावीक पद्धतीने थांबवता येतात किंवा मुळात सुरूच न करता येतात, आणि अशी वेळ आल्यास काय करावे हे माणसाला आधीच लिहून ठेवता येते.

यालाच वर्तमानपत्रे “निष्क्रिय इच्छामरण” किंवा “निष्क्रिय दयामरण” म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१८ मध्येच अशी संज्ञा टाळावी असे सुचवले होते, आणि ते मला पटते. कारण हा शब्द ऐकला की नातेवाइकांना आपण मारण्याला संमती देत आहोत असे वाटते, आणि इच्छामरणी भीष्मांची आठवण झाली की प्रकरण आणखीच भरकटते. गिरगावातल्या एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने काही वर्षांपूर्वी, दोघांनाही गंभीर आजार नसताना, राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली होती. त्यांच्या मागणीचा आणि या पानावरच्या विषयाचा कायद्याच्या दृष्टीने काहीही संबंध नाही, तरी दोन्हींच्या बातम्या एकाच शब्दाखाली छापल्या जातात.

३. डॉक्टर म्हणाले “ब्रेन डेड”. मग आता निर्णय आम्ही घ्यायचा?

मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा, श्वास चालवणारा खालचा भाग) मृत असणे, म्हणजेच “ब्रेन डेड”, आणि रुग्ण कोमात किंवा निश्चेतन अवस्थेत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मस्तिष्कस्तंभ मृत झाला की माणूस स्वतःहून कधीही श्वास घेऊ शकत नाही. छाती हलते ती यंत्रामुळे. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून हे प्रमाणित करायचे असते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: “दोन्ही चाचण्या झाल्या आहेत का, की हा फक्त अंदाज आहे?” कारण सीटी स्कॅन वाईट दिसला की वॉर्डात हा शब्द फार सैलपणे वापरला जातो.

प्रमाणपत्र झाल्यावर अवयवदानाचा विषय निघतो आणि महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला कळवले जाते. घोळ होतो तो कुटुंबाने दानाला नकार दिल्यावर. मस्तिष्कस्तंभ मृत्यूची व्याख्या अवयवदानाच्या कायद्यात असल्यामुळे, दान नसेल तर यंत्र बंद करायला अनेक रुग्णालये कचरतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मसुद्यात उपचार थांबवण्याच्या अटींमध्ये मस्तिष्कस्तंभ मृत्यूचा स्पष्ट उल्लेख आहे, पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

४. यंत्र काढणे म्हणजे मारणेच नाही का?

हा प्रश्न कायद्याने आणि नीतिविचाराने वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळला आहे.

कायद्याचा प्रवास योगायोगाने मुंबईतून सुरू होतो. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस दलातील एका शिपायाच्या प्रकरणात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाने, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले. १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत फिरवले आणि जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे सांगितले. मात्र त्याच निकालात एक फट राहिली, ती अशी की नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरूच झालेली असेल, तर त्या वाटेवरची प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा भाग असू शकतो. २०११ चा (प्रश्न ५ पाहा) आणि २०१८ चा (प्रश्न २) असे दोन्ही निकाल त्या फटीतूनच पुढे आले. यंत्र काढल्यावर मृत्यू येतो तो मूळ आजाराने, असे कायदा मानतो. यंत्राने तो फक्त अडवून धरलेला असतो.

नीतीच्या बाजूने पाहिले तर हा भेद इतका स्वच्छ नाही. व्हेंटिलेटरचे बटण दाबणारा हात कोणाचा तरी असतोच, आणि “मी काही केले नाही, फक्त थांबवले” हे वाक्य त्या हाताला रात्री झोप देईलच असे नाही. माझ्या मते भेद बटणात शोधू नये, हेतूत आणि परिस्थितीत शोधावा: उपचाराने रुग्णाला काही मिळत होते का, की त्याचे फक्त मरण लांबत होते?

५. अरुणा शानबाग यांच्या बाबतीत न्यायालयाने नकार दिला होता. मग हा हक्क आला कुठून?

त्याच निकालातून. लोकांना याचे आश्चर्य वाटते, म्हणून जरा सविस्तर.

परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि पुढची ४१ वर्षे त्या त्याच रुग्णालयात, वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या खोलीत होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने तीन डॉक्टरांना तपासायला पाठवले. त्यांना आढळले की अरुणा कोणत्याही यंत्रावर नाहीत, श्वास स्वतः घेतात, आणि भरवलेल्या अन्नाला चेहऱ्याने काही प्रतिसादही देतात. इतक्या वर्षांत अंथरुणाला खिळलेल्या या बाईच्या पाठीवर एक जखम होऊ दिलेली नव्हती. ज्यांनी कधी हे काम केले आहे त्यांनाच या एका वाक्याचे वजन कळेल: दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीला सुरकुती पडू न देणे, टाचेखाली उशी ठेवणे, आणि हे वर्षाचे ३६५ दिवस.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, आणि कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या. दोन, तत्त्व म्हणून उच्च न्यायालयाच्या परवानगीने असे उपचार थांबवता येतील. म्हणजे याचिका हरली आणि तत्त्व जिंकले. १८ मे २०१५ रोजी अरुणा न्यूमोनियाने गेल्या. शेवटच्या दिवसांत मात्र त्यांना व्हेंटिलेटर लावावा लागला होता.

६. लिव्हिंग विल कसे करायचे? वकील लागतो का?

लिव्हिंग विल म्हणजे प्रश्न २ मध्ये सांगितलेले, आधीच लिहून ठेवायचे निर्देशपत्र. त्यासाठी वकील लागतोच असे नाही. १८ वर्षे पूर्ण झालेली, सुजाण मनःस्थितीतील कोणीही व्यक्ती स्वखुशीने, लेखी स्वरूपात हे करू शकते. २०१८ च्या निकालात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी होती, आणि त्यामुळे जवळजवळ कोणीच ते करू शकले नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ही अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर, शक्यतो नात्यात नसलेल्या, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. स्टॅम्प पेपरची किंवा निबंधक कार्यालयातील नोंदणीची अट निकालात नाही. नोटरीने मागितला तर तो त्याच्या सोयीचा भाग समजावा.

आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या, शक्यतो एकापेक्षा अधिक, व्यक्तींची नावे त्यात हवीत. आणि मालमत्तेच्या मृत्युपत्राशी याची गल्लत करू नये: ते मेल्यानंतर लागू होते, हे जिवंतपणीच. एकच कागद दोन्हींसाठी करणाऱ्यांचा कागद नेमका गरज असते तेव्हा बँकेच्या लॉकरमध्ये असतो.

७. ते जमा कुठे करायचे? महापालिकेत गेलो तर कोणाला काही माहीत नव्हते.

२०२३ च्या आदेशानुसार एक प्रत नाव दिलेल्या व्यक्तींना, एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांनी नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते. महाराष्ट्रात ही नेमणूक बराच काळ कागदावरच होती. डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर तिला वेग आला. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे निर्देशपत्र नोंदवून सुरुवात करून दिली. कर्नाटकाच्या आरोग्य विभागाने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढले, हे सीमाभागातल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

खिडकीवर “असे काही नसते” असे उत्तर मिळाले तर भांडत बसू नये. आदेशाचा उल्लेख करून अर्ज व प्रत आवक विभागात द्यावी आणि पोच घ्यावी.

८. “मला नळ्या लावू नका” एवढे लिहिले तर चालेल?

भावना पोहोचते, सूचना पोहोचत नाही. एका ओळखीच्या आजोबांनी वहीच्या पानावर नेमके हेच लिहिले होते. पुढे त्यांना लघवी अडून रुग्णालयात आणले तेव्हा मुलगा कॅथेटरलाही तयार होईना, कारण तीही नळीच. दोन दिवसांत ते बरे होऊन घरी गेले, पण मधले चार तास केवळ त्या एका शब्दाने वाया गेले.

म्हणून उपचाराआधी परिस्थिती लिहावी. उदाहरणार्थ: “मी माणसे ओळखण्याच्या स्थितीत परत येण्याची वाजवी शक्यता नाही असे डॉक्टरांच्या मंडळाचे मत झाल्यास, व्हेंटिलेटर, डायालिसिस आणि हृदय पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न करू नयेत व सुरू असल्यास थांबवावेत, वेदना आणि धाप कमी करणारे उपचार मात्र पूर्ण द्यावेत.” नळीवाटे अन्नाबद्दल काय वाटते ते वेगळे, स्पष्ट लिहावे. मजकूर संदिग्ध असेल तर मंडळे तो अमलात आणत नाहीत, आणि मग कागदच नाही असे समजून प्रश्न ९ मधील वाटेने जावे लागते.

९. बाबांनी काहीच लिहून ठेवलेले नाही. आता काय?

बहुतेक घरांची हीच स्थिती असते, आणि वाट आहे. सुधारणेची आशा नाही असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वाटल्यास रुग्णालय प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमते: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले, किमान पाच वर्षे अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मंडळ कुटुंबाशी बोलते, आजार, पर्याय आणि परिणाम समजावून सांगते, आणि कुटुंबाची संमती लेखी घेते. त्यानंतर दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. दोघांचे एकमत झाले की अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचे. त्यांची परवानगी घ्यायची नाही. दुय्यम मंडळाने नकार दिला तर कुटुंब, डॉक्टर किंवा रुग्णालय उच्च न्यायालयात जाऊ शकते.

कुटुंबाला विचारला जाणारा प्रश्न मात्र बहुधा चुकीचा असतो. “तुम्हाला काय हवे आहे?” असे विचारले की मुलगी अर्थातच “बाबा हवेत” म्हणते. विचारायचे ते हे: “तुमच्या बाबांना इथे उभे राहून स्वतःकडे पाहता आले असते, तर ते काय म्हणाले असते?” एखाद्या नातेवाइकाच्या आजारपणात ते काय पुटपुटले होते, शेजाऱ्यांच्या मरणाला ते “सुटले” म्हणाले होते की “लढले” म्हणाले होते, हेही अशा वेळी पुरावाच असते.

१०. मी आणि आई तयार आहोत, पण अमेरिकेतला भाऊ “सगळे करा” म्हणतो.

हे इतक्या घरांत घडते की डॉक्टरांना त्याची सवय झाली आहे. जो रोज शेजारी बसलेला असतो त्याने ढासळणे टप्प्याटप्प्याने पाहिलेले असते. दूरच्याच्या डोळ्यांपुढे मागच्या दिवाळीतले चालतेबोलते वडील असतात. कायद्यात मतांची मोजणी नाही, पण कुटुंबात उघड वाद असताना मंडळे पुढे जायला कचरतात आणि वाद कोर्टात जाऊ शकतो. त्यामुळे त्याला निर्णय सांगू नये. डॉक्टरांबरोबरच्या बैठकीत व्हिडिओ कॉलवर घ्यावे, आणि कॅमेरा एकदा रुग्णाकडे वळवावा. निर्देशपत्रात नावे दिलेली असतील तर बोलण्याचा अधिकार त्यांचा. प्रश्न ६ मधील नावांचा आग्रह त्यासाठीच आहे.

११. रुग्णालय म्हणते, “सही करा आणि घरी घेऊन जा.” हे तेच ना?

ते तेच नाही, पण आपल्याकडे सर्वाधिक हेच घडते. यालाच “डामा” म्हणतात, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणे. कागदावर निर्णय नातेवाइकांचा, सल्ला विरोधात. प्रत्यक्षात मंडळ नेमण्याची कटकट नको म्हणून कोणीतरी हळूच सुचवलेले. मग रुग्णवाहिकेत भाऊ किंवा मेहुणा अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत बसतो, घाटात हात भरून येतो, आणि घरी पोहोचल्यावर ती कोणी थांबवायची हे कोणीच बोललेले नसते. माझ्या घरात हे घडले आहे. रुग्णालयाचे नाव सांगून उपयोग नाही. त्या रात्री ते कोणतेही असू शकले असते.

यातले मोठे नुकसान असे की वेदनाशामक उपचारही तिथेच सुटतात. म्हणून त्या कागदावर सही करण्याआधी लेखी विनंती करावी: “प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमावे.” शेवट घरी व्हावा अशी इच्छा असणे वेगळे; ते चांगलेच आहे, पण त्यासाठी औषधे, डॉक्टरांचा फोन क्रमांक आणि कोणी काय करायचे हे ठरवूनच निघावे.

१२. खरे सांगायचे तर पैसे संपले आहेत. हे कारण सांगता येते का?

लोक हे फार खालच्या आवाजात विचारतात, जणू कबुलीच. पैशाची चिंता अनैतिक नाही. ज्या बापाने आयुष्यभर कर्ज टाळले त्याच्यासाठी घर गहाण पडणे त्याला रुचले असते का, हाही त्याच्याच इच्छेचा प्रश्न आहे. पण मंडळापुढे निकष रुग्णाच्या प्रकृतीचा असतो, आणि जो वाचू शकतो त्याचा उपचार केवळ बिलापायी थांबणे हा २०१८ च्या निकालाचा उपयोग नव्हे. आधी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही काही बसते का ते पाहावे.

१३. व्हेंटिलेटरचे समजले. पण अन्नाची नळी काढायची म्हणजे उपाशी मारायचे?

सगळा विषय इथे येऊन अडतो, आणि अडावाच.

ज्यांनी नळीवाटे भरवणे जवळून पाहिले आहे त्यांना ते दृश्य माहीत असेल: मिक्सरमधून काढून गाळलेली पेज किंवा डब्यातली पावडर कालवून, मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती डोक्याच्या वर धरायची आणि पातळ फीड आपल्या वजनाने खाली उतरू द्यायचे. ना चव, ना घास, ना गिळणे. तरी भरवणाऱ्या मुलीसाठी तो घासच असतो. मराठीत दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणे याहून हलके कृत्य नाही, आणि मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्राने पाणी घालणारा समाज “नळी हा वैद्यकीय उपचार आहे” हे वाक्य सहज गिळणार नाही.

कायद्याची दिशा मात्र त्या वाक्याकडे आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये, हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत निश्चेतन झालेल्या तरुणाच्या प्रकरणात, नळीवाटे अन्न हा उपचार मानून तो थांबवू दिला, आणि आपल्या २०११ च्या निकालाने त्याचा मोठा आधार घेतला. भारतात कसोटी लागली ती गाझियाबादच्या एका तरुणाच्या बाबतीत. २०१३ मध्ये चंडीगडला शिकत असताना तो चौथ्या मजल्यावरून पडला आणि तेव्हापासून अंथरुणावर, नळीच्या अन्नावर होता. तो कोणत्याही यंत्रावर नाही, या कारणाने दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्याच्या आईवडिलांची विनंती नाकारली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात घरच्या शुश्रूषेची सोय करून देण्यावर ते प्रकरण थांबले. आईवडील पुन्हा आले, आणि २०२५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक व दुय्यम अशी दोन्ही मंडळे नेमायला लावली. म्हणजे “यंत्र नाही, म्हणून प्रश्नच नाही” हे उत्तर तिथे टिकले नाही.

नैतिक बाजू पाहताना दोन रुग्ण वेगळे ठेवावेत. ज्याचे शरीर मिटत चालले आहे, त्याला भूक लागत नाही. त्याच्या पोटात फीड ढकलले तर ते छातीत जाऊन न्यूमोनिया होण्याचा आणि सूज वाढण्याचा धोका अधिक. त्याला उपाशी मारले जात नाही, तो मरत आहे म्हणून खात नाही. दुसरा रुग्ण स्थिर आहे, वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो, आणि नळी काढणे हेच त्याच्या मृत्यूचे निमित्त ठरते. या दुसऱ्याबाबत मी कोणालाही ठाम सल्ला देत नाही. तो निर्णय दोन्ही मंडळांनी, रुग्णाच्या पूर्वीच्या इच्छेचा कसून शोध घेऊन, आणि झालाच तर रुग्णालयाच्या देखरेखीखाली व्हावा. घरी गुपचूप फीड कमी करत नेणे हा त्याचा पर्याय नाही.

१४. मग मुळात यंत्र न लावणे बरे नाही का? एकदा लावले की काढता येत नाही म्हणतात.

काढता येते, न लावणे आणि लावलेले काढणे यांसाठी कायद्याची कसोटी एकच आहे. मनाला काढणे जड जाते हे खरे, पण या समजुतीपायी लोक उलट चूक करतात आणि वाचू शकणाऱ्या रुग्णालाही यंत्र नाकारतात. मुदत बांधून प्रयत्न करणे हा चांगला मधला मार्ग आहे: “पाच दिवस सर्व काही करू, मग पुन्हा बसू.” हृदय बंद पडल्यास छाती दाबू नये, एवढ्यापुरत्या निर्णयासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत.

१५. काढल्यावर तडफड होते का?

नीट तयारीने केले तर होऊ दिली जात नाही. आधी मॉर्फिन आणि गुंगीचे औषध सुरू करून, धाप दिसत नाही ना हे पाहून यंत्राचा आधार कमी केला जातो. घशातली घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, रुग्णाला ती बहुधा जाणवत नाही. मृत्यू काही मिनिटांत येऊ शकतो किंवा काही दिवसही लागू शकतात, आणि हे आधी सांगितलेले नसेल तर कुटुंब हादरते. मॉर्फिन मिळत नाही ही सबब जुनी झाली. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन त्याची वाट सोपी झाली आहे. वेदनाशामक शुश्रूषेसाठी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाचा विभाग आणि १९८६ पासून वांद्र्याचे शांती आवेदना सदन, पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र ही जुनी ठिकाणे आहेत, मुख्यतः कर्करुग्णांसाठी.

१६. धर्मात हे बसते का?

थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न विचारणाऱ्याला सहसा परवानगी हवी असते, माहिती नको असते. १९६६ मध्ये सावरकरांनी आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार आश्रमात विनोबांनी अन्न व औषध सोडले. जैन परंपरेत सल्लेखना, म्हणजे अन्नत्याग करून देह ठेवण्याचे व्रत आहे, जिच्यावर राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगित केली. कॅथलिकांमध्ये पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच असाधारण उपाय करत राहण्याचे बंधन नाही असे सांगितले होते. नळीच्या अन्नाबाबत मात्र पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ मध्ये ते साधारण शुश्रूषेतच मोडते अशी भूमिका घेतली. ही उदाहरणे देताना एक फरक विसरू नये: सावरकर आणि विनोबा यांनी स्वतः, शुद्धीत ठरवले. बेशुद्ध माणसासाठी दुसऱ्याने ठरवण्याला त्यांचा दाखला पुरत नाही.

१७. आई पूर्ण शुद्धीत आहे आणि व्हेंटिलेटरवर जायचे नाही म्हणते. तिच्यासाठीही मंडळ हवे का?

नाही. निर्णयक्षम प्रौढ व्यक्तीला कोणताही उपचार नाकारता येतो. मंडळांची पद्धत ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आहे. तिचा नकार केसपेपरवर नोंदवून घ्यावा, शक्य असल्यास त्याच दिवशी निर्देशपत्र करावे, कारण उद्या ती बेशुद्ध झाली की तोंडी बोलणे कुटुंबाच्या सांगण्यावर येते. मात्र हा नकार औदासीन्यातून, न शमलेल्या वेदनेतून किंवा “मुलांवर भार नको” यातून आला आहे का, हे एकदा निवांतपणे विचारावे.

१८. आईने निर्देशपत्र केले, पण आता विस्मरणाच्या आजारात ती मजेत दिसते. न्यूमोनिया झाला तर कोणत्या आईचे ऐकायचे?

नियमाप्रमाणे निर्देशपत्र बदलायला किंवा रद्द करायला लेखी कृती आणि निर्णयक्षमता लागते, म्हणजे कागद अजून उभा आहे. पण कागद लागू होतो तो त्यात लिहिलेली परिस्थिती आल्यावर, आणि बरा होणारा न्यूमोनिया ही सुधारणेची आशा नसलेली अवस्था नव्हे. गाणे लागले की जी बाई टाळ्या वाजवते तिला प्रतिजैविके द्यावीत असे माझे मत आहे. आजार शेवटच्या टप्प्यात जाऊन गिळणेच थांबले तर मात्र पूर्वीच्या आईचे शब्द मोलाचे ठरतात. निर्देशपत्र करतानाच विस्मरणाबद्दल एक वेगळा परिच्छेद लिहिणे यासाठी गरजेचे आहे.

१९. अपघाताची पोलीस केस आहे. यंत्र काढले तर आरोपी “डॉक्टरांमुळे मेला” म्हणून सुटेल का?

सहसा नाही. योग्य उपचाराने मृत्यू टळला असता, तरीही इजा करणाराच मृत्यूला कारण मानला जातो, हे तत्त्व जुन्या दंडसंहितेत होते आणि भारतीय न्याय संहितेतही आहे. पोलिसांना आधी कळवावे, कागद काटेकोर ठेवावेत, आणि शवविच्छेदन टळणार नाही हे कुटुंबाला अगोदर सांगावे.

२०. माझे लिव्हिंग विल न्यू जर्सीत केलेले आहे. सहा महिने पुण्यात असतो. चालेल का?

त्यावर अवलंबून राहू नये. इथल्या दोन साक्षीदारांच्या, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या आणि प्रत जमा करण्याच्या अटी त्या कागदाने पुऱ्या होत नाहीत, त्यामुळे तो इच्छेचा पुरावा म्हणून मंडळापुढे ठेवता येईल, पण निर्देशपत्र म्हणून लागू होईल याची खात्री देता येत नाही. पुढच्या मुक्कामात इथे वेगळे करून घ्यावे, दोन्हींचा मजकूर जुळता ठेवावा, कारण दोन वैध निर्देशपत्रे असल्यास नंतरचे ग्राह्य धरले जाते, आणि नावे दिलेल्यांपैकी निदान एक जण पुण्यात फोन उचलणारा असावा.